बंपर घ्यायचा, पण कोणाकडून?

जव्हार-मोखाडा रस्त्यावर आमच्या ओळखीच्या एका मिस्त्रींचे गॅरेज आहे. काम डेंटिंग-पेंटिंगचे. वडिलांनी हातात हातोडी दिली तेव्हा दारात कमांडर जीपगाड्या उभ्या असत. आता बोलेरो, स्कॉर्पिओ, स्विफ्ट येतात. एका उन्हाळ्यात मोखाड्याकडचा एक तरुण आपली गाडी घेऊन आला. गाडी कर्जाची, तिच्यावरच घर चालते. पण वय तरुण, हौस मोठी. "चाचा, पुढचा बंपर, बाजूचे स्कर्ट, चाकांवरच्या पट्ट्या, सगळा किट बसवून द्या," एवढेच त्याचे म्हणणे.

मिस्त्रींनी मुंबईच्या एका दुकानदाराला फोन केला. दुकानदार ओळखीचा, पाच वेळचा नमाजी, बोलायला गोड. "भाई, एबीएसचा माल आहे, डोळे झाकून घ्या," असे त्याने सांगितले. मिस्त्रींनी खरोखरच डोळे झाकले. पैसे पाठवले, बिल मागितले नाही. आठ दिवसांनी ट्रान्सपोर्टने खोका आला. बंपरची भोके गाडीच्या भोकांना जुळेनात. मिस्त्रींनी बंपर तापवला, कापला, नवी भोके पाडली, पुट्टी भरली, रंग मारला. गाडी झकास दिसू लागली.

श्रावणात तोरंगण घाटातल्या एका खड्ड्यात स्कर्ट उभा चिरला आणि बंपरची एक बाजू लोंबू लागली. तुटलेल्या कडेतून काचेचे धागे बाहेर आले, तेव्हा कळले की माल एबीएसचा नसून फायबरचा आहे. दुकानदार म्हणाला, "तुम्ही माल कापला, रंगवला. आता परत कसा घेऊ?" मिस्त्रींनी हे तरुणाला सांगितले. त्यावर तो शांतपणे म्हणाला, "चाचा, त्या दुकानदाराला मी ओळखत नाही. मी तुम्हाला ओळखतो."

मिस्त्रींनी पैसे परत केले. एकदम जमले नाहीत, चार हप्त्यांत दिले. तो तरुण आजही त्यांच्याकडेच येतो. पण त्या हंगामाची कमाई एका खोक्यात गेली.

हा प्रसंग आम्ही मुद्दाम सांगितला. जव्हार, मोखाडा, खोडाळा, विक्रमगड या भागात डेंटिंग, वेल्डिंग, सीट कव्हर, रंगकाम करणारे आपले अनेक बांधव आहेत. नवा भाग मुंबईहून किंवा नाशिकहून येतो, पण ग्राहकाच्या लेखी तो विकणारा मिस्त्रीच असतो. म्हणून विश्वासू विक्रेता शोधणे हा फक्त स्वस्त-महागाचा प्रश्न नाही. आपली पत दुसऱ्याच्या हाती द्यायची की नाही, हा प्रश्न आहे.

ओळख म्हणजे काय?

हजरत उमर (रजि.) यांच्याविषयी एक रिवायत प्रसिद्ध आहे. एका माणसाच्या चांगुलपणाची ग्वाही द्यायला कोणी पुढे आला. हजरत उमर (रजि.) यांनी त्याला तीन गोष्टी विचारल्या. तू त्याचा शेजारी आहेस काय? त्याच्याबरोबर प्रवास केला आहेस काय? त्याच्याशी पैशाचा व्यवहार केला आहेस काय? तिन्हींचे उत्तर नाही असे आले. तेव्हा त्यांनी सांगितले की तू त्याला ओळखत नाहीस. बहुधा मशिदीत नमाज पढताना पाहिले असशील.

नमाज हे अल्लाह आणि बंद्यामधले नाते आहे, त्याचे मोल आम्ही कमी करत नाही. पण बंपरच्या सौद्यात "आपला माणूस आहे" एवढ्यावर भागत नाही. मिस्त्रींची चूक नेमकी इथे झाली. दुकानदाराचा शेजार, प्रवास आणि व्यवहार यांतले काहीच त्यांनी तपासले नव्हते. हीच तीन मापे आपल्या धंद्याला लावून पाहू.

पहिले माप शेजाराचे. दुकान कायमच्या जागेवर आहे काय, पाटीवरचे नाव आणि बिलावरचे नाव एकच आहे काय, आजूबाजूचे दुकानदार त्याच्याविषयी काय सांगतात? मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा ऑपेरा हाऊसचा परिसर, नाशिकमध्ये द्वारका, अशा बाजारात एका गल्लीत एकाच धंद्याची अनेक दुकाने असतात. तिथे अर्धा तास चहाच्या टपरीवर बसले तरी कोण माल बदलून देतो आणि कोण फोन उचलत नाही, ते कानावर येते. मोबाईलवर फक्त चित्रे दाखवून माल विकणाऱ्याला असा शेजारच नसतो. त्याला पत्ता आधी विचारा आणि त्या शहरातल्या ओळखीच्या माणसाला एकदा तिथे पाठवा.

दुसरे माप प्रवासाचे. प्रवासात अडचण आली की माणूस कळतो, तसा विक्रेता माल चुकला की कळतो. म्हणून त्याच्या जुन्या ग्राहकांना "माल कसा होता?" असे विचारू नका. "माल चुकला तेव्हा काय केले?" असे विचारा. चूक प्रत्येकाकडून होते. चुकल्यावर जो भाडे स्वतः भरून दुसरा खोका पाठवतो, त्याच्याकडे दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

तिसरे माप पैशाचे. पहिलाच सौदा मोठा करू नका. आधी एक ग्रिल, एक जोडी क्लिपा, एक मडगार्ड मागवा. बिल येते काय, सांगितलेलाच माल येतो काय, सांगितलेल्या दिवशी येतो काय, हे पाहा. पहिल्या मोठ्या सौद्यात पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका. इसार द्या, बाकी माल पाहून द्या.

बाजारातल्या मालाच्या जाती

विक्रेता पारखायचा तर तो जे विकतो त्याची नावे आपल्याला ठाऊक हवीत. बाजारात साधारण पाच तऱ्हेचा माल असतो.

पहिला, गाडीच्या कंपनीच्या खोक्यात येणारा अस्सल माल. दुसरा, जो कारखाना गाडीच्या कंपनीला भाग पुरवतो, त्याने आपल्या स्वतःच्या नावाने बाजारात आणलेला माल. तिसरा, बाहेरच्या उत्पादकाने स्वतःच्या नावाने केलेला माल. बहुतेक बॉडी किट याच वर्गातले असतात. चौथा, बिननावाचा लोकल माल. पाचवा, भंगारातल्या किंवा अपघाती गाडीचा काढलेला जुना भाग.

या पाचांतला कोणताही माल विकणे वाईट नाही. गरीब गाडीवाल्याला जुना बोनेटच परवडतो आणि लोकल मडगार्डवर पुष्कळ गाड्या वर्षानुवर्षे चालतात. फसवणूक सुरू होते ती एका जातीचा माल दुसऱ्या जातीच्या नावाने विकताना. लोकल मालावर कंपनीचे नाव छापले की तो नकली होतो. खोट्या व्यापारचिन्हाचा माल विकणाऱ्याला १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. "अमुक गाडीला बसणारा" असे खरे सांगून आपल्या नावाने भाग विकायला मात्र कायद्याची हरकत नाही.

म्हणून विक्रेत्याची पहिली परीक्षा एका प्रश्नात होते: "यातला कोणता माल आहे?" सरळ माणूस म्हणेल, "लोकल आहे, भाव म्हणून कमी आहे." ज्याच्याकडे सगळेच "ओरिजिनल" आहे आणि तरी अर्ध्या भावात आहे, त्याच्या दुकानातून सलाम करून बाहेर पडावे.

खोक्यावरचा मजकूरही वाचा. बंद खोक्यावर उत्पादकाचे, पॅक करणाऱ्याचे किंवा आयात करणाऱ्याचे नाव व पत्ता, महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापणे वैधमापनशास्त्राच्या २०११ च्या नियमांनुसार आवश्यक आहे. नुसते चमकणारे होलोग्राम पाहून भुलू नका, होलोग्रामही छापून मिळतात.

जुना भाग घेताना जास्त सावध राहावे. भाग कोणत्या गाडीचा, कोठून आला, हे बिलावर लिहून घ्या. चोरीचा माल जाणूनबुजून किंवा तसे समजण्यास कारण असताना घेणे हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये येतो, पूर्वी भारतीय दंड संहितेच्या ४११ मध्ये होता. "मला काय माहीत?" हे उत्तर पोलीस ठाण्यात फार उपयोगी पडत नाही, बिल पडते.

हाताने ओळखावा असा माल

आमच्या कारागिरांचे हात तरबेज आहेत, पण पत्र्यावर. किटचा माल बहुधा पत्र्याचा नसतो. तीन द्रव्ये नेहमी भेटतात.

फायबर म्हणजे काचेच्या धाग्यांची चटई आणि राळ यांचा थर. साच्यात हाताने थापून तो करता येतो, म्हणून लहान कारखान्यांत पुष्कळ बनतो. भाग उलटा करून पाहा. आतली बाजू खरबरीत असेल आणि धागे दिसत असतील तर फायबर. बोटाने टिचकी मारली तर कोरडा आवाज येतो. एका ठिकाणी जाड, दुसऱ्या ठिकाणी पातळ, मध्ये हवेचे फोड असतील तर थापणाऱ्याने घाई केली आहे. फायबर वाकत नाही, धक्का बसला की चिरतो. पण चिरलेला फायबर गॅरेजमध्येच राळ आणि चटईने सांधता येतो, हा त्याचा गुण.

एबीएस हे साच्यात घडवलेले कडक प्लास्टिक. ते दोन्ही बाजूंनी गुळगुळीत असते, जाडी बरीचशी सारखी आणि रंग चांगला धरते.

पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. आजच्या गाड्यांचे मूळ बंपर बहुधा याचेच असतात. ते दाबले की वाकते, सोडले की परत येते. आतल्या बाजूला द्रव्याची अक्षरे अनेकदा उमटवलेली असतात. अक्षरे नसतील तर कडेचा बारीक कीस पाण्यात टाका. साधा पीपी तरंगतो, एबीएस बुडतो. पीपीवर थेट रंग मारला तर पापुद्रे निघतात, आधी प्लास्टिकचा प्रायमर लागतो. प्रायमरविना रंग उडाला तर दोष विक्रेत्याचा नव्हे, आपला.

जुना पत्र्याचा भाग घेताना खिशात लोहचुंबक ठेवा. जिथे पुट्टी जाड भरली आहे तिथे चुंबक नीट चिकटत नाही. काचेचा भाग असेल तर आयएसआय चिन्ह पाहा. गाडीच्या सुरक्षा काचेला ते लागते.

आमच्या घाटात काय टिकते

जव्हार आणि मोखाडा या दोन्ही तालुक्यांत रेल्वे नाही. माणूस आणि माल दोन्ही रस्त्यानेच येतात. एकीकडे विक्रमगड-मनोर, दुसरीकडे त्र्यंबक-नाशिक. जव्हारहून नाशिक सुमारे ८० किलोमीटर, मुंबई त्याहून बरीच लांब. शहरातला मिस्त्री चुकलेला बंपर स्कूटरवर टाकून तासाभरात बदलून आणतो. आमच्या मिस्त्रीचा त्यात अख्खा दिवस, भाडे आणि रोजंदारी जाते. म्हणून दोन हजारांनी स्वस्त पण परत न घेणारा विक्रेता आपल्याला महागच पडतो. भावाची तुलना करताना एका हेलपाट्याचा खर्च त्यात धरा, मग कोण स्वस्त ते ठरवा.

दुसरी गोष्ट पावसाची. चार महिने धो धो पाऊस, घाटात खड्डे, गावाच्या तोंडाशी उंच गतिरोधक. जमिनीपासून चार बोटे वर राहणारा स्कर्ट मुंबईच्या रस्त्यावर शोभतो, खोडाळ्याच्या वाटेवर पहिल्याच आठवड्यात घासतो. जो विक्रेता "गाडी कोठे चालते?" असे आपण होऊन विचारतो, तो धंदा जाणतो. जो विचारत नाही, त्याला आपण सांगावे. लोखंडी ब्रॅकेट आणि स्क्रू गंजरोधक मुलाम्याचे मागावेत. पहिला गंज तिथेच धरतो.

मागणी करताना फोनवर नुसते गाडीचे नाव सांगून भागत नाही. एकाच नावाच्या गाडीचे तोंड कंपनी काही वर्षांनी बदलते. नोंदणी पुस्तकातला निर्मितीचा महिना-वर्ष, मॉडेलचा प्रकार, फॉग लॅम्प आहे की नाही, हे सगळे लिहून पाठवा. जुना भाग काढून त्याच्या भोकांची मापे आणि फोटो द्या. हे लिहून दिलेले असले की "तुम्हीच चुकीचे सांगितले" असे म्हणायला जागा उरत नाही.

करवत लावण्यापूर्वी फोन लावा

आमच्या मिस्त्रींची सर्वांत मोठी चूक कोणती? बिल न घेणे ही पहिली. पण भोके जुळत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी करवत हातात घेतली, ही त्याहून मोठी. कारागिराचा स्वभावच असा की न बसणारी वस्तू बसवून दाखवायची. तो आपला गुण आहे, पण सौद्यात तो घात करतो. माल कापला, रंगवला, की परत देण्याचा आपला दावा लंगडा होतो.

म्हणून खोका उघडताना मोबाईलवर चित्रण करा. ट्रान्सपोर्टवाल्यासमोर खोका फुटलेला दिसला तर त्याच्या पावतीवर तसा शेरा मारा. मग रंग न मारता, काही न कापता, भाग गाडीला नुसता लावून पाहा. भोके, क्लिपा, बोनेट आणि बंपर यांमधली फट, दिव्यांची खाच, सगळे तपासा. जुळत नसेल तर त्याच दिवशी विक्रेत्याला फोटोसह लेखी कळवा. हा कोरडा मेळ बसल्याशिवाय गॅरेजमध्ये रंगाचा डबा उघडायचा नाही, असा नियम करावा.

पक्के बिल ही लाज नव्हे

आपल्याकडे ओळखीच्या माणसाकडून बिल मागायला संकोच वाटतो. त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखे होते म्हणतात. कुरआनात सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत देण्याघेण्याची मुदतीची कर्जे लिहून ठेवण्याचा, साक्षीदार ठेवण्याचा आदेश आहे. तीच कुरआनातली सर्वांत मोठी आयत आहे. लिहिणे हा अविश्वास असता तर हा आदेश ईमानवाल्यांना उद्देशून आलाच नसता.

बिलावर पुढील गोष्टी असाव्यात: विक्रेत्याचे नाव-पत्ता, तारीख, भागाचे नाव, द्रव्य (फायबर, एबीएस की पीपी), कोणत्या गाडीचा कोणता प्रकार, नवा की जुना, किंमत, आणि परतीची मुदत. "एबीएस" हे एकच अक्षर-त्रिकूट आमच्या मिस्त्रींच्या बिलावर असते तर पुढचा वाद दोन मिनिटांत मिटला असता. १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार वर्णनावरून विकलेला माल वर्णनाबरहुकूम असलाच पाहिजे. मात्र वर्णन सिद्ध करायला कागद लागतो.

जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ ने सुरू होतो. तो खरा आहे की नाही, हे जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर मिनिटात कळते. लहान दुकानदार नोंदणीकृत नसेल तर तो गुन्हेगार ठरत नाही, पण मग त्याने जीएसटी वेगळा लावूही नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सर्व सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के झाला आहे. अजून २८ टक्के मागणाऱ्याला तारीख दाखवा.

पुष्कळ दुकानांत "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" अशी पाटी असते. सदोष मालाच्या बाबतीत ती पाटी टिकत नाही. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणे आणि सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत न घेणे या दोन्ही गोष्टी अनुचित व्यापारी प्रथा मानल्या आहेत. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही करता येते, मुंबईला खेपा घालाव्या लागत नाहीत. मुदत २ वर्षांची. मालाची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर फोन करून पाहावा, कित्येक वाद तिथेच मिटतात.

इथे मिस्त्री बांधवांनी एक बारकावा ध्यानात ठेवावा. पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा या कायद्यात ग्राहक ठरत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः गाडी चालवणारा मात्र ठरू शकतो. म्हणून किट मागवताना बिल शक्यतो गाडीमालकाच्या नावाने करा आणि आपली मजुरी वेगळी लावा. मजुरीची पावती वेगळी, मालाचे बिल वेगळे. यामुळे मालाचा दोष मालवाल्याकडे आणि कामाचा दोष आपल्याकडे, असा हिशेब स्वच्छ राहतो.

कायद्यात बसते काय?

चांगला विक्रेता एक गोष्ट आपण होऊन सांगतो: हा भाग लावला तर दंड होईल. तुटलेल्या बंपरच्या जागी तसाच बंपर लावणे ही दुरुस्ती आहे. पण गाडीची मूळ रचना बदलणे हा फेरफार होतो आणि मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ त्याला आडवे येते. कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा फेरफार चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार मालकाला अशा प्रत्येक फेरफारासाठी ५ हजार रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. सुरक्षेसाठी महत्त्वाचे म्हणून अधिसूचित केलेले भाग नियमबाह्य असतील तर ते विकणाऱ्याला प्रत्येक भागामागे १ लाख रुपये दंड, वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही.

लोखंडी बुलगार्ड आमच्या भागात फार आवडते. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ते बेकायदा असल्याचे राज्यांना कळवले. कारण सरळ आहे. गाडीचा पुढचा भाग धक्का पचवण्यासाठी केलेला असतो. मध्ये लोखंड आले की धक्का थेट चासीला जातो, एअरबॅगच्या वेळेत गडबड होऊ शकते आणि पायी चालणाऱ्याला मार जास्त बसतो. आपल्या रस्त्यांवर शाळेत जाणारी आश्रमशाळेची मुले, मोळी घेऊन चालणाऱ्या बाया असतात. हा विचार कायद्याआधी मनात यावा.

विम्याचेही असेच. न कळवता केलेल्या फेरफारामुळे दावा अडू शकतो. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के, फायबरच्या भागांवर ३० टक्के घसारा कापतात. त्यामुळे बिलावर द्रव्य लिहिलेले असणे इथेही उपयोगी पडते. शंका असेल तर किट बसवण्यापूर्वी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारावे, नंतर नव्हे.

आपणही विक्रेतेच

दुसऱ्याला तपासण्याची मापे सांगितली, आता आरसा आपल्याकडे वळवू. हजरत मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या एका राशीत हात घातला. वर कोरडे, आत ओले. दुकानदाराने पावसाचे कारण सांगितले. ओले धान्य वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही असे बजावले. हदीसमधला हा प्रसंग प्रत्येक व्यापाऱ्याला माहीत आहे. आमच्या धंद्यात रंग म्हणजे वरचे कोरडे धान्य आणि पुट्टी म्हणजे आतला ओलावा. जुना मडगार्ड असेल तर "जुना आहे, इथे पुट्टी आहे" असे रंग मारण्यापूर्वी गाडीमालकाला दाखवा. भाव थोडा कमी मिळेल, बरकत कमी होणार नाही.

आणखी एक सूचना. जव्हार-मोखाड्यातला प्रत्येक मिस्त्री एकटाच मुंबईच्या बाजाराशी भांडतो. पाच-सात जणांनी मिळून एक वही ठेवली तर? त्यात फक्त लिहायचे: कोणाकडून काय मागवले, कोणत्या तारखेला आले, बसले की नाही, चुकल्यावर त्याने काय केले. निंदा नको, तर्क नको, घडलेले तेवढे. वर्षभरात त्या वहीत बाजाराची खरी ओळख जमा होईल. ऑर्डरही एकत्र पाठवता येतील, भाडे वाटून जाईल. आणि एका फोनमागे सात गॅरेज आहेत हे कळले की विक्रेताही जपून बोलेल.

आमच्या त्या मिस्त्रींनी आता अशी वही सुरू केली आहे. पहिल्या पानावर त्यांनी स्वतःचाच व्यवहार लिहिला आहे: बिल घेतले नाही, मेळ पाहिला नाही, कापले, नुकसान. आम्ही विचारले, "स्वतःची चूक पहिल्या पानावर?" ते म्हणाले, "त्या पोराने मला ओळखतो म्हटले. मग मी कोण, हे आधी लिहायला नको?"